विश्वंभररावांची शिंगं वाढली

एका जंगलात, बाळांनो, शिकारी येण्याच्या आधी त्याचा खोकला यायचा.

ही फार पूर्वीची रीत. तेव्हाचा शिकारी पायी येई. त्याच्याकडे ठासणीची बंदूक असे. ती एकदा उडाली की पुन्हा भरायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात सांबरं टेकडीपलीकडे जाऊन रवंथ करत बसत. पाणवठ्याशी तो दबा धरून बसला की त्याला मुंगळे चावत आणि तो स्वतःच "अगं आई गं" करून ओरडे. मग झाडावरचं वानर हूप करी, खालचं सांबर पाय आपटून "ढाँक" करी, आणि शिकारी हात हलवत घरी जाई.

कधीमधी एखादं सांबर त्याला मिळेही. नाही असं नाही. मग तो त्याला आधी हात जोडी. मांस गावभर वाटून खाई. शिंगाची सुरीला मूठ करी. शिंग केवढं होतं म्हणून कुणी विचारलं, तर दोन्ही हात पसरून दाखवी. ते हात दर वर्षी थोडे जास्त पसरत, पण त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

आपली गोष्ट मात्र नंतरची आहे. जंगलात सुधारणा झाली, तेव्हाची.

आता झाडाझाडाला कॅमेरे बांधले होते. डोक्यावरून ड्रोन गुणगुणत जाई. शिकारी या टेकडीवर खुर्ची टाकून बसे आणि त्या टेकडीवरचं सांबर पाडी. मधल्या वेळात थर्मासमधला चहा घेई. मुंगळे त्याच्यापर्यंत पोचतच नसत.

पण बाळांनो, बंदुकीपेक्षा मोठी होती ती फीत. शिंप्याच्या गळ्यात असते ना, तसली मोजायची फीत. शिंगाची लांबी मोजायची, बुंध्याचा घेर मोजायचा, दोन शिंगांमधलं अंतर मोजायचं. सगळ्याची बेरीज केली की गुण निघत. ज्याचे गुण जास्त, त्याचं मुंडकं राजधानीत भिंतीवर लागे. मांसाचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

आणि वानर? ते आता हूप करत नसे. हुप्पाजी त्याचं नाव. त्याला शिकाऱ्याकडे नोकरी लागली होती. कोणतं सांबर कुठे चरतं ते सांगायचं आणि क्रीमची बिस्किटं खायची.

तुम्हाला वाटेल, सांबरं बिचारी घाबरली असतील. छे हो! सांबरं हरखून गेली. सकाळ झाली की नर कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहत. "माझी डावी बाजू जास्त चांगली येते," असं एक म्हणे. दुसरा मान इतकी ताणे, की दिवसभर लचकलेली राही.

या कळपात वेणूबाई नावाची एक सांबरीण होती. स्वभावानं गरीब. देवाधर्माची, उपासतापासाची. तिचे यजमान विश्वंभरराव. त्यांची शिंगं म्हणजे काय सांगू! एखादं वठलेलं झाडच चालत येतंय असं वाटावं.

ती शिंगं फुकट आली नव्हती. त्या जंगलात शिंगवाढीचं व्रत असे. मार्गशीर्षात सगळ्या सांबरिणी आवळा सोडत. सांबराला आवळा सोडणं म्हणजे तुम्हाला गूळपोळी सोडण्यासारखं आहे. मग संध्याकाळी उंबराखालच्या वनदेवीला प्रदक्षिणा घालून म्हणायचं, "वनमाते, धन्याची शिंगं वाढू देत." वेणूबाईनं हे व्रत लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं. विश्वंभररावांच्या शिंगाच्या फाट्याफाट्यात तिचा उपास होता.

एके दिवशी हुप्पाजी उड्या मारत आला.

"विश्वंभरराव, तोंड गोड करा! निवड झाली!"

"कुणाची?"

"कुणाची काय विचारता! यंदा तुमच्याइतके गुण कुणालाच नाहीत. परवा सकाळी आमचे सरदारसाहेब स्वतः बंदूक घेऊन येतायत. दिवाणखान्यात जागा आहे. सोफ्याच्या वर. मधोमध!"

विश्वंभररावांनी मान आणखी ताठ केली. "मधोमध?"

"अहो, खिळासुद्धा ठोकून ठेवलाय."

वेणूबाई दोन पावलं पुढे आली. ती हळूच म्हणाली, "अहो, पण मुंडकं तिकडे गेल्यावर बाकीच्याचं काय?"

"काढलंस ना खुसपट! बाकीच्याचं बघतील ते. आपले भाऊसाहेब गेले, तर त्यांना कुठे जागा मिळाली? दाराजवळ. लोक त्यांच्या शिंगांना छत्र्या अडकवतात, ओल्या छत्र्या! माझ्या शिंगांना हात लावायची कुणाची छाती होणार नाही."

"मला तुम्ही भिंतीवर नकोत हो. घरात हवेत."

"ऐक हुप्पाजी," विश्वंभरराव म्हणाले, "आणि म्हणे व्रतं करतात! फळ मिळालं तर घ्यायला हात पुढे येत नाही."

हुप्पाजी बिस्किटाचा चुरा झाडत म्हणाला, "वहिनींना आनंद झालाय. आनंदात असं होतं."

दुसऱ्या दिवशी कळपानं विश्वंभररावांचा सत्कार ठेवला. गळ्यात गुळवेलीचा हार घातला, पुढ्यात आवळे ठेवले. अध्यक्ष होते तात्या. तात्या म्हणजे कळपातले सगळ्यात वडीलधारे. त्यांचं डावं शिंग दर वर्षी मुळ्यासारखं वाकडं उगवे, त्यामुळे फितीवाल्यांनी त्यांच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आमच्या वेळी असं नव्हतं," तात्या म्हणाले. "आमच्या वेळचा शिकारी धापा टाकत यायचा. त्याचा नेम चुकायचा. आपण पळायचो, तो पळायचा. दोघांनाही घाम यायचा. आता सगळं बसल्या जागी होतं. पण मान तो मानच. विश्वंभर, तू नशीबवान. मला मेल्याला कधी कुणी निवडलंच नाही." असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

सगळ्यांना वाईट वाटलं. वेणूबाई मात्र तात्यांकडे टक लावून पाहत राहिली. तात्यांच्या बरोबरीचं कळपात एकही सांबर उरलं नव्हतं. भाऊसाहेब नव्हते, दाजी नव्हते, रुबाबदार बापूसाहेब तर ऐन उमेदीत भिंतीवर गेले होते. तात्या तेवढे होते. पाठीवर पणतू खेळवत होते आणि कुणी निवडलं नाही म्हणून रडत होते.

संध्याकाळी ती उंबराखाली आली. व्रताचाच दिवस होता. सगळ्या सांबरिणी जमल्या होत्या.

"काय बाई नशीब काढलंस!" शेजारच्या अंबूवहिनी म्हणाल्या. "मधोमध म्हणे! आमच्यांना मेलं कोपऱ्यातसुद्धा कुणी घेईना. कितीही आवळे सोडले तरी शिंगं आपली टीचभरच. मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कोण जाणे."

वेणूबाईनं प्रदक्षिणेला सुरुवात केली. तिची चांगलीच पंचाईत झाली होती. आता वनदेवीकडे मागायचं काय? "शिंगं पडू देत" असं म्हणावं, तर सवाष्णीच्या तोंडून नवऱ्याबद्दल "पडू दे"? छे, छे! अशी अभद्र अक्षरं तिच्या जिभेवर आयुष्यात कधी आली नव्हती. देवीसमोर तर मुळीच नाही. आणि नेहमीचं "वाढू देत" म्हणावं, तर देवी ऐकते हा अनुभव होता. ऐकते, हीच भीती होती.

तेवढ्यात अंबूवहिनी काट्यात अडकल्या. त्यांच्या गळ्यातली लग्नाची वेल तटकन तुटली.

"अगंबाई! माझी वेल वाढली की गं!"

बाळांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. चांगल्या घरच्या बायका बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. नारळसुद्धा देवापुढे फोडत नाहीत, वाढवतात. वाईट घडलं तरी तोंडानं चांगलंच बोलायचं, अशी ही रीत. तीच रीत सांबरिणींत होती.

वेणूबाई प्रदक्षिणा घालता घालता जागच्या जागी थबकली. मग सावकाश देवीपुढे आली, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि म्हणाली,

"वनमाते, धन्याची शिंगं वाढू देत." आणि जरा पुढे सरकून, फक्त देवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अंबूवहिनींची वेल वाढली ना, तशी. उद्या सकाळच्या आत झालं तर बरं."

वनदेवी काही पंडित नव्हती, की शब्दाचा अर्थ कोशात बघत बसेल. ती बाईमाणूस होती. तिच्या डोक्यावरचं एक फूल उजव्या बाजूनं खाली आलं.

सकाळी विश्वंभरराव उजाडल्या उजाडल्या माळावर जाऊन उभे राहिले. झाडाआड राहायचं नाही, उगाच साहेबांची गैरसोय नको, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या टेकडीवर सरदारसाहेबांनी खुर्ची मांडली. हुप्पाजीनं दुर्बीण पुसून दिली.

वेणूबाई करवंदीच्या जाळीत उभी होती. विश्वंभररावांच्या डोक्यावर शिंगं जशीच्या तशी होती. कौल तर उजवा दिला होता, मग देवीला आपलं बोलणं समजलं नाही की काय? की समजून रागावली?

विश्वंभररावांनी तिला पाहिलं. "तू कशाला आलीस इथे? मागे हो, तू मधे आलीस तर फोटो बिघडेल."

"अहो, एकदा मान हलवून बघता का?"

"का?"

"उगाच. कानावर माशी बसलीय."

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून त्यांनी मान झटकली.

ढप्प.

उजवं शिंग गवतात पडलं. विश्वंभरराव त्याच्याकडे पाहायला वाकले, तर डावंही पडलं. डोकं इतकं हलकं झालं, की तोल जाऊन ते मागच्या मागे बसले.

टेकडीवर सरदारसाहेबांनी बंदुकीला गाल लावला होता. त्यांनी तो काढला.

"हुप्पाजी, ही मादी आहे."

"नाही साहेब! आत्ता तर... तेच आहेत ते, विश्वंभरराव!"

"डोक्यावर काय दिसतंय तुला?"

हुप्पाजीनं डोळे बारीक केले. "कान, साहेब."

"कानांचे गुण धरतात का?"

"नाही साहेब."

"मग हे बोडकं नेऊन मी लावू कुठे? न्हाणीघरात?"

"ती पडलेली शिंगं उचलून आणू का, साहेब?"

"मूर्ख आहेस. पडलेली मोजत नाहीत. मारलेलीच मोजतात." साहेबांनी खुर्ची मिटली. "काय सांबरं होती पूर्वी या जंगलात! आमच्या आजोबांच्या वेळी एकेकाची शिंगं बघत राहावीत अशी. हल्लीच्या सांबरांत दमच राहिला नाही. कुठे गेली ती सगळी मोठी सांबरं, कोण जाणे."

ती सगळी मोठी सांबरं त्यांच्या दिवाणखान्यात होती. पण बाळांनो, मोठ्या माणसांना आपण उलट बोलू नये.

त्यानंतर विश्वंभररावांनी तीन दिवस पाणी सोडून कशाला तोंड लावलं नाही. पडलेली शिंगं साळिंदरानं नेली आणि मजेत कुरतडली. कळपातले लोक भेटायला येऊन जात.

"ऐन वेळी दगा झाला," असं कुणी म्हणे.

तात्या वेणूबाईकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, राग मानू नकोस. पण हल्लीच्या बायकांची व्रतं पूर्वीसारखी कडक राहिली नाहीत. कुठेतरी चुकून आवळा खाल्ला असशील."

"नाही हो तात्या. म्हटलं ते सगळं नेहमीसारखंच म्हटलं."

हे अगदी खरं होतं. वेणूबाई कधी खोटं बोलत नसे.

तात्या गेल्यावर अंबूवहिनी मागे रेंगाळल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "वेणू, खरं सांग. नेहमीसारखंच म्हणालीस?"

वेणूबाईनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. अंबूवहिनींचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, आणि मग त्या इतक्या हसल्या, की आतून विश्वंभररावांनी विचारलं, "आमचं इथे हे झालंय आणि हसताय कसल्या?"

पुढच्या मार्गशीर्षात उंबराखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. सगळ्या सांबरिणींनी एकसुरात म्हटलं, "वनमाते, धन्याची शिंगं वाढू देत." आणि सगळ्याच जणी जरा पुढे सरकून देवीच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. त्या वर्षी शिकारी आले, दुर्बिणी लावून बसले, कान मोजून परत गेले. त्याच्या पुढच्या वर्षी खुर्च्या आल्या नाहीत. हुप्पाजीची बिस्किटं बंद झाली. वाघ दिसला की तो पुन्हा पूर्वीसारखा हूप करू लागला, कारण दुसरं काही काम उरलं नव्हतं.

मोठमोठाली नर सांबरं मात्र दुपारी सावलीत बसून हळहळत. "काय मान होता आपल्याला! कुणी मोजायलासुद्धा येत नाही आता." त्यांच्या भोवती पोरंटोरं खेळत. इतकी म्हातारी सांबरं त्या जंगलात पूर्वी कुणी पाहिली नव्हती.

विश्वंभररावांची कुरकुर सगळ्यात मोठी. "मधोमध जागा होती. खिळा ठोकलेला होता. तुझ्या व्रतात काहीतरी उणं राहिलं, वेणू."

"राहिलं असेल हो," वेणूबाई म्हणे आणि त्यांच्या पुढ्यात आवळे ठेवी. ते तीच कुरकुर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. ती पाय मुडपून शेजारी बसे आणि शेवटपर्यंत ऐके, कारण ती ऐकायला मिळत होती.

तात्पर्य : बाळांनो, कुणी तुम्हाला "खूप मोठे व्हा" असा आशीर्वाद दिला, तर वाकून नमस्कार करावा. उठता उठता मात्र हळूच विचारून घ्यावं, की मोजायला कोण येणार आहे.