सोनवणेकाकांची रडकी तबकडी

गाणं ऐकायला बोलवायचं आणि स्वतः गाण्याकडे पाठ करून पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचं, असा यजमान मी सोनवणेकाकांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. समोर बसलेल्याला नाक खाजवायचीसुद्धा सोय नाही. काकांना वाटतं, माणूस गहिवरला.

काका आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे सिन्नरकडचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर उभा जन्म गेला, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे जॅझची एक जुनी तबकडी आहे. भद्रकालीच्या जुन्या बाजारात हिंदी गाण्यांच्या गठ्ठ्याबरोबर आली. कव्हर नाही, मधलं लेबल झिजलेलं, त्यामुळे वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. काका त्याला ‘आपला बाबा’ म्हणतात. हा बाबा ट्रंपेटवर अतिशय संथ आणि अतिशय दुःखी असं काहीतरी वाजवतो.

“लय सोसलंय हो यानं,” काका म्हणतात. “पण खोटं नाय रडत.”

रविवारी सकाळी बिल्डिंगमधल्या कुणाला तरी हे दुःख ऐकायला जावंच लागे. तबकडी संपेपर्यंत पोहे मिळत नसत. एकदा कुलकर्णीबाई भीत भीत म्हणाल्या, “मुलीच्या पाठवणीला बँडवाले वाजवतात ना, तसं वाटतं.” आता काका चिडणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या, तर काका खूश! “बरोब्बर! नवरी गेली, वऱ्हाड गेलं, मांडव सोडायला घेतलाय, आन् बँडवाल्यातला एक जण घरी जायचाच इसरलाय. तो हा!”

जाधव ऐकता ऐकता चक्क घोरायला लागले, तेही काकांनी गोड मानून घेतलं. मोबाइल बघणाऱ्याला मात्र ते ‘कोरडा माणूस’ म्हणत आणि पुन्हा बोलवत नसत. ही युक्ती कळल्यावर बिल्डिंगमधले बरेच जण भराभर कोरडे झाले.

शेवटी मी एकटा उरलो. मी घरी एकटाच असतो आणि रविवार मला मुळातच खायला उठतो. आपल्या घरात बसून उदास होण्यापेक्षा काकांकडे पोहे खाऊन उदास झालेलं काय वाईट, असा माझा हिशेब. ट्रंपेटमधलं मला काही कळत नव्हतं. तबकडीत एका जागी सूर वर चढता चढता चिरतो. बाबाचा श्वास अपुरा पडतो की त्याला रडू फुटतं, कोण जाणे. त्याच्या आधीच काका बोट वर करत, आणि मी सवयीनं मान हलवत असे.

गेल्या महिन्यात असाच जाऊन बसलो. काकांनी सुई ठेवली, पाठ फिरवली आणि माझ्याकडे पाहू लागले. तबकडी फिरत होती, पण आवाज नाही. सुईची बारीक खरखर, बस. झाडताना स्पीकरची वायर निघाली असावी. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी तोंड मिटलं.

मग मी ऐकू लागलो. म्हणजे सोंग काढलं. डोळे मिटले, उसासा टाकला, मान डोलावली. काकांनी अंदाजानं बोट वर केलं, तेव्हा तर मी रुमालच काढला.

“देवरे,” काका हळूच म्हणाले, “आज तुम्ही खोटं ऐकताय.”

काका उठले आणि त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला. हाताला काही थरथर लागेना. मागं वाकून त्यांनी लोंबणारी वायर पाहिली आणि बराच वेळ ती हातात धरून उभे राहिले. मला इतकं वाईट वाटलं, की उठून निघून जावं.

“टर्बाइननं खाल्ले कान,” ते म्हणाले. “जवळ बसलेल्याचं बोलणं कळतं अजून. आपला बाबा मात्र गेला. कानाची मशीन लावून पाहिली, तर त्यात बेडूक वरडतो. म्हणून तुमची तोंडं बघायचो. तुमच्या तोंडावरून कळायचं, कुठवर आलाय ते.”

मालतीकाकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

काकांनी वायर खोचली, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. “आता खरं ऐका,” म्हणाले. “आन् सांगा मला.”

इतक्या रविवारांत पहिल्यांदाच मी खरंखुरं ऐकलं. “अजून खालीच आहे, काका,” मी मोठ्यानं सांगत होतो. “एकटाच आहे. मागचे सगळे गप्प झाले. आता चढतोय. थांबला. परत चढतोय...”

पुढे मला बोलता येईना.

काका माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “आलं ऐकू.”