कणगी आणि लाडवांचा डबा

"कणगी भरायला पंचेचाळीस मिनिटं! सेहेचाळिसावं लागलं तर माझी बी.एस्सी. विद्यापीठाला परत!"

प्रबुद्धने सकाळी नऊ वाजता ही घोषणा केली आणि त्याचे वडील, राजारामगुरुजी, कृष्णेच्या पुराला कधी घाबरले नव्हते इतके घाबरले.

घाबरण्यासारखंच होतं. प्रबुद्ध सुटे भाग जोडून कॉम्प्युटर विकायचा. त्यामुळे १९९८ साली, सांगलीच्या त्या अख्ख्या गल्लीत एकही कॉम्प्युटर नसताना, ह्यांच्या तीन खोल्यांत तीन होते. एक गुरुजींचा, एक प्रबुद्धचा आणि तिसरा बिनपडद्याचा, कॉटखाली. काळ्या वायरीने तिघांना एकमेकांशी बांधलेलं. वरच्या दोघांवर जे काही लिहाल ते जाऊन साठायचं खालच्या तिसऱ्यात. प्रबुद्धच्या आईने, मुक्ताबाईंनी, त्याचं नाव ठेवलं होतं 'कणगी'.

कणगीत दोन हार्ड डिस्क होत्या आणि दोन्हींत तंतोतंत तोच माल. "एक गेली तर दुसरी आहेच," असं प्रबुद्ध चारचौघांत सांगायचा. "नुकसान व्हायला एकच चूक दोनदा व्हावी लागते. शक्यता जवळजवळ शून्य!"

आता ती कणगी भरली होती, तीही गुरुजींनी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर चार वर्षं ते कुंडल-पलूसच्या बाजूला गावोगाव हिंडले. छप्पन्न साली आणि त्यानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या माणसांना गाठून, त्यांच्यासमोर बसून, त्यांनी आठवणी उतरवून घेतल्या. दोनशे आठ माणसं! प्रत्येकाचा फोटो. त्यांतली तेवीस तर आता ह्या जगातही नव्हती. हे सगळं गुरुजींनी उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं होतं. उद्या सकाळी दहाला छापखान्यात द्यायचं होतं, म्हणजे चौदा ऑक्टोबरच्या, दीक्षेच्या दिवसाच्या, आत पुस्तक हातात आलं असतं. आणि शेवटचे चाळीस फोटो कणगीत मावत नव्हते.

तेव्हा प्रबुद्धने चौपट मोठ्या दोन नव्या डिस्क आणल्या. आलेखाच्या वहीत सतरा पायऱ्यांची योजना लिहिली. पायरी चौथी : नव्या डिस्क कोऱ्या करताना जुन्या मशीनमध्ये नसाव्यात. चुकून जुनीच पुसली गेली तर? पायरी पाचवी : जुन्या दोन्ही काढून स्टीलच्या बंद डब्यात ठेवणे. धातूच्या बंद डब्यात बाहेरची वीज शिरत नाही.

"आई, एक डबा दे गं!"

घरात सहा डबे होते. सहाही एका मापाचे, मुक्ताबाईंच्या कोरेगावच्या भावाने एकदमच दिलेले, आणि सहांवरही मुक्ताबाईंचंच नाव कोरलेलं. प्रबुद्धने त्यातला एक घेतला. डिस्क जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळल्या, आत ठेवल्या, झाकण दाबलं आणि डबा स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. सर्वांत सुरक्षित जागा! तिथे आईशिवाय कोणाचा हात लागत नाही.

गुरुजी त्याच्या मागेच होते.

"लाईट गेली तर रं?"

"नाही जात, आप्पा."

"आन् गेलीच तर?"

"आप्पा!"

"माणसं हायत त्यात, म्हून इचारतो."

चौदाव्या प्रश्नाला प्रबुद्धचा संयम संपला. "आप्पा, तुम्ही पाच वाजेपर्यंत घरी येऊच नका बघा! पाच म्हणजे पाच!"

चौतीस वर्षं शाळेच्या घंटेवर जगलेला माणूस तो. त्यांनी घड्याळ बघितलं, टोपी घातली. "बरं. पाच."

"निगालाच हाय तर कट्ट्यावरला डबा घिऊन जावा," मुक्ताबाई आतून ओरडल्या. "धाच्या सातारा गाडीला द्या. पायलचं लाडू हायत."

पायल प्रबुद्धची बहीण, साताऱ्याला हॉस्टेलवर. दर महिन्याला तिचा डबा दहाच्या एसटीने जायचा. कंडक्टर हमालीचा एक पैसा घेत नसे; वरचे दोन लाडू त्याचे. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण स्टँडवर डबा उघडून, दोन लाडू त्याच्या हातावर ठेवून, मगच झाकण लावायचं, ही रीत गुरुजींनी कधी मोडली नव्हती.

दहा वाजून वीस मिनिटांनी नव्या डिस्क कोऱ्या झाल्या. बारा पायऱ्या पार! प्रबुद्ध शीळ घालत कट्ट्याकडे गेला आणि त्याने डबा उघडला.

शेंगदाण्याचे लाडू.

त्याने झाकण लावलं. पुन्हा उघडलं. निरीक्षण दोनदा घ्यावं असं त्याला कॉलेजात शिकवलं होतं. दुसऱ्यांदाही लाडूच होते!

"आई, माझ्या डिस्क कुठायत?"

"कशात ठिवल्या व्हत्यास?"

"डब्यात!"

"कंच्या डब्यात?"

"असल्याच!"

मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं बया! म्हंजे पायलच्या डब्यात काय गेलं?"

प्रबुद्धने मनातल्या मनात हिशेब केला. दोन डिस्क, एक किलो दोनशे ग्रॅम. वीस लाडू, एक किलो दोनशे ग्रॅम. आप्पांच्या हाताला फरक कळणार कसा! एकच चूक दोनदा व्हायची गरजच पडली नाही. दोन्ही प्रती एकाच डब्यात बसून, शेजारीशेजारी, साताऱ्याला निघाल्या होत्या.

तो पायात चप्पल सरकवून धावला. मुक्ताबाईंनी धावत्याच्या हातात लाडवांचा डबा कोंबला. "आता जातोसच तर बदलून तरी आन!"

स्टँडवर दहाची गाडी नव्हती. एरवी पावणेअकरापर्यंत हलत नाही. आज नेमकी दहाला सुटली होती! गुरुजीही कुठे दिसेनात. त्याने बूथवरून हॉस्टेलला सात वेळा फोन लावला. सातही वेळा एंगेज. मुलींचं हॉस्टेल ते! शेवटी अकराच्या गाडीत उडी मारली.

आणि मग जे हाल सुरू झाले! गाडीला घाई नव्हती. आष्ट्याला म्हातारी उतरली, तिची कोंबडी उतरेना. इस्लामपूरला ड्रायव्हर चहाला गेला तो जणू चहाची लागवड करूनच परतला. प्रत्येक खड्ड्याला प्रबुद्ध डोळे मिटायचा. डिस्कच्या आत एक सुई असते, केसापेक्षा बारीक फटीवर तरंगणारी. पुढच्या गाडीत, कुणाच्या तरी गाठोड्याखाली, त्या सुईचं काय होत असेल? मिटल्या डोळ्यांसमोर दोनशे आठ म्हातारे-म्हाताऱ्या रांगेने गाडीतून उड्या मारताना दिसायच्या. तो उभा राही, बसे, पुन्हा उभा राही.

"आवं, बसा की! उभं राहून गाडी लवकर जातीय व्हय?" कंडक्टर म्हणाला. मग त्याने डब्यावरचं नाव वाचलं. "ह्यो गुरुजींचा डबा न्हवं? पायलताईचा? मग आमचं दोन?"

प्रबुद्धने डबा उघडून दोन लाडू काढून दिले.

ह्या क्षणी, मंडळी, शास्त्राच्या पदवीधराला एक साधी गोष्ट सुचायला हवी होती. सुचली नाही. तो सुईचा विचार करत होता.

तीन वाजता सातारा. हॉस्टेलच्या फाटकात पायल.

"दादा! तू स्वतः आलास लाडू घेऊन?"

"डबा आला का?"

"हा काय तुझ्या हातात!"

"दुसरा गं! दुसरा!"

"दुसरा कुठला? दोन पाठवलेत आईनं?"

डबा पोचलाच नव्हता! पायलला तसंच ओढत प्रबुद्धने स्टँड गाठला. दहाच्या गाडीचा कंडक्टर आकाराम कँटीनमध्ये मिसळ खात होता. प्रबुद्धने त्याची कॉलरच धरायची बाकी ठेवली.

"डबा कुठाय?"

आकारामने शांतपणे तर्री ओढून घेतली. "त्येच तर मी इचारनार व्हतो. गुरुजी आलं, रीतीपरमानं डबा उगडला. आत बघितलं. मग माज्याकडं बघितलं. झाकान लावलं, म्हनलं, 'आज न्हाई जमायचं गड्या,' आन् डबा काखंत मारून चालू पडलं! लय दिवसात पैल्यांदा माजं दोन लाडू बुडलं!"

प्रबुद्ध बाकावर बसला. पायल खो खो हसत सुटली. आकारामला दोन लाडू मिळाले. उरलेले सोळा घेऊन पायल हॉस्टेलवर गेली आणि प्रबुद्ध साडेतीनच्या गाडीने परत फिरला. म्हणजे डिस्क सांगलीत होत्या. पण कुठे? कशा? उन्हात? पाण्याजवळ? कऱ्हाडपर्यंत त्याने बोटांची नखं संपवली.

दिवे लागले तेव्हा तो घरी पोचला. गुरुजी खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवर डबा, डब्यावर ओला पंचा.

"पाचाला बरोबर आलो," ते म्हणाले. "तूच नव्हतास."

"आप्पा, तुम्ही डबा उघडून बघितलात ना? मग तेव्हाच घरी का नाही आलात?"

"तूच म्हनालास की. पाच म्हंजे पाच."

"पण आत डिस्क आहेत हे दिसल्यावर तरी!"

"दिसलं की. म्हनलं, पोरगं शिकल्यालं हाय. दोनी एका डब्यात घालून घराभाईर धाडल्यात, म्हंजे कायतर कारान असंल. तुज्या सतरा पायऱ्यांतली एकादी पायरी असंल." डबा तापू नये म्हणून टाकलेला पंचा गुरुजींनी उचलला. "घाटावर सावलीला बसलो. ऊन फिरलं तसं मीबी फिरलो. पर मांडीवरनं खाली न्हाई ठिवला. दोनशे आठ माणसं हायत रं त्यात."

प्रबुद्धने डबा दोन्ही हातांनी घेतला.

कणगी त्रेचाळीस मिनिटांत भरली, अडलेले चाळीस फोटोही मावले. एक एक करून दोनशे आठ चेहरे पडद्यावर उघडले. गुरुजी प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेत होते, हजेरी घेतल्यासारखं. शेवटचा चेहरा आला, तेव्हा प्रबुद्धने वहीत सतराव्या पायरीवर खूण केली.

मुक्ताबाई दारात उभ्या होत्या.

"म्हंजे लाडू पोचलं न्हवं पायलला?"

"पोचले, आई."

"फुटलं-बिटलं न्हाईत?"

"नाही."

"एसटीनं धाडलं की निम्म्याचा भुगा हुतो बघ." त्या समाधानाने आत वळल्या, पण दोन पावलांवर थांबल्या. "पुडच्या म्हैन्यात चिवडा धाडायचा हाय. ह्या डिस्का परत कवा बदलनार रं?"