क्लेमी मावशीची दुमजली टोपी

डेल्फीन मॅब्रीची चूक एवढीच, की तिने क्लेमी मावशीला सांगितलं, "मंगळवारी दुपारी माझ्यासाठी जरा प्रार्थना कर." कशासाठी, तेही सांगून बसली. आणि वर "कुणापाशी बोलू नकोस" असंही म्हणाली.

मावशीने शब्द पाळला. ती कुणापाशीही बोलली नाही. रविवारी चर्चमध्ये उभी राहून तिने फक्त देवाला सांगितलं, पण माइकवरून.

डेल्फीन बायकांच्या टोप्या करायची. चर्चला घालायच्या, रुंद काठाच्या, पिसांच्या, जाळीच्या. मेम्फिसच्या ऑरेंज माउंड भागात रविवारी सकाळी ज्या टोप्या फुटपाथ अडवून चालत, त्यातल्या निम्म्या तिच्या जेवणाच्या टेबलावर जन्मलेल्या. टेबलावर कायम साचे, वाफेची इस्त्री आणि पिसं. घरची माणसं ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकली होती. कोपऱ्यावरची बंद पडलेली लाँड्री भाड्याने घ्यायची आणि तिथे दुकान थाटायचं, एवढंच तिचं स्वप्न. पण बँकेतल्या साहेबाने तिला फार अदबीने विचारलं होतं, "पण हल्ली टोप्या घालतं कोण?" लाँड्रीचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे नाही.

मग कुणीतरी तिला काळ्या उद्योजकांना भांडवल, मार्गदर्शन आणि चार ओळखी मिळवून देणाऱ्या केंद्राकडे पाठवलं. तिथे तिच्या वाट्याला टेरेल नावाचा तरुण मार्गदर्शक आला. कोट, टाय, चकचकीत बूट. डेल्फीन ही त्याची पहिलीच शिष्या. केंद्राची बक्षिसाची स्पर्धा मंगळवारी होती. तिथे परीक्षकांसमोर उभं राहून आपला धंदा समजावून सांगायचा होता, आणि चर्चमध्ये साधी सूचना वाचायची म्हटली तरी डेल्फीन कागद दुसरीच्या हातात द्यायची.

"ताई, घाबरू नका," टेरेल म्हणाला. "सगळं पडद्यावर लिहिलेलं असेल. बघायचं आणि वाचायचं. फक्त ते 'माझी आजी म्हणायची' वगैरे काढून टाका. परीक्षकांना आकडे लागतात."

डेल्फीनने आजीला काढलं. आकडे पाठ केले.

मंगळवारी वाचनालयाच्या सभागृहात सगळे जमले. आधी चहापाणी, ओळखी, कार्डांची देवाणघेवाण. स्पर्धेत आलेल्या एका सॉसवाल्या मुलाने आपलं कार्ड डेल्फीनला दोनदा दिलं, इतका तो घाबरलेला. ते पाहून तिला जरा धीर आला. तेवढ्यात बाहेर चर्चची बस थांबली.

आधी क्लेमी मावशी उतरली. मागून तिची मैत्रीण सिस्टर जूनेल (चर्चमध्ये सगळ्याच एकमेकींना सिस्टर म्हणत), मग बाकीच्या. ईस्टरला निघावं तशा सजून आलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर डेल्फीनची टोपी. बस चालवत होते मावशीचे यजमान हॉलिस काका.

"मावशी, मी तुला एकटीला सांगितलं होतं," डेल्फीन म्हणाली.

"मग? मी एकटीच तर आले. या सगळ्या माझ्या सोबतीला."

त्या थेट पुढच्या रांगांत जाऊन बसल्या. पुढच्या रांगा रिकाम्या ठेवून मागे बसणं म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान, ही त्यांची रीत. पहिल्या स्पर्धकाचं भाषण सुरू झालं आणि मागून कुजबुज उठली. पडदा कुणालाच दिसत नव्हता. मावशीची टोपी जांभळी, दुमजली होती: खाली परातीएवढा काठ, त्यावर दुसरा थोडा लहान, आणि गच्चीवर पिसांची बाग.

टेरेल वाकत वाकत मावशीपाशी गेला. "मावशी, मागच्यांना दिसत नाही. टोपी जरा काढून ठेवता का?"

"पोरा, या टोपीखालचे केस फक्त हॉलिस बघतो," मावशी म्हणाली. "आणि तोही चष्मा काढून."

"मग मागे बसता का जरा?"

मावशी समजूतदार बाई. ती उठली. ती उठली म्हणून जूनेल उठली, जूनेल उठली म्हणून सगळ्या उठल्या, आणि पिसांचा तो ताफा मधल्या वाटेने मागे निघाला. प्रोजेक्टर नेमका त्याच वाटेत, एका टेबलावर. पडद्यावरचा नफ्याचा आलेख जूनेलच्या पिवळ्या टोपीवर चढला, तिथून दुसरीच्या पाठीवर घसरला. वाट काढायला मावशी जरा वाकली, आणि तिच्या टोपीची जाळी प्रोजेक्टरच्या वायरीत अडकली. मावशी पुढे गेली. वायर तिच्याबरोबर गेली. मग प्रोजेक्टरही गेला.

जमिनीवर आपटून तो एकदा लुकलुकला आणि गप्प झाला.

पहिल्या स्पर्धकाचं नशीब चांगलं, त्याचं भाषण संपत आलं होतं. माइकवरून पुढचं नाव पुकारलं गेलं, "डेल्फीन मॅब्री."

डेल्फीन व्यासपीठावर गेली आणि पडद्याकडे बघत राहिली. पडदा पांढराफटक. पाठ केलेले आकडे वायरीबरोबरच निघून गेले होते. खाली टेरेलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"सावकाश, लेकी," मागून मावशीचा आवाज आला. "कुठे आग लागलेली नाही."

"देवा, तिला वाचा दे," जूनेल म्हणाली.

डेल्फीनच्या तोंडी जे पहिलं आलं ते बाहेर पडलं. "माझी आजी म्हणायची..."

टेरेलने डोळेही झाकले.

"काय म्हणायची?" मागच्या रांगेने विचारलं.

"म्हणायची, आठवडाभर आपण लोकांची घरं पुसतो, लोकांची पोरं सांभाळतो. मान खाली. पण रविवारी डोक्यावर असं काही असावं, की जग आपल्याकडे मान वर करून बघेल."

"खरं आहे," मागून आलं.

मग ती बोलतच गेली. गवताची टोपी वाफेवर कशी वळते, ठेंगणीला उंच आणि रुंद चेहऱ्याला तिरकी का लागते, यंदा ईस्टरला जागेअभावी किती बायकांना हात जोडून परत पाठवलं. प्रत्येक वाक्याला मागून होकार. वेळ संपल्याची घंटा वाजली, ती एका मोठ्या 'आमेन'खाली दबून गेली.

परीक्षकांत मिसेस ब्रॅनम नावाच्या एक करड्या शिस्तीच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "एकदा टोपी घेतली की वर्षानुवर्षं टिकते. मग गिऱ्हाईक परत येतं का?"

डेल्फीन उत्तर जुळवत होती, तोवर मागे मावशी उभी राहिली. "परत? माझ्याकडे हिच्या एकोणीस टोप्या आहेत."

दारापाशी उभे असलेले हॉलिस काका म्हणाले, "कपाटात तर चारच आहेत."

"कपाटात चारच आहेत," मावशी म्हणाली.

हॉलिस काका दोन पावलं पुढे आले.

"बाकीच्या कुठे आहेत, क्लेमी?"

मावशीने टोपीचा काठ सारखा केला. "जूनेलच्या गॅरेजमध्ये."

जूनेल छताकडे बघू लागली. पण एकदा बांध फुटल्यावर पाणी थांबतं होय? दुसऱ्या एकीने सोळा कबूल केल्या, तिसरीने बावीस. एकीच्या टोप्या बहिणीच्या पलंगाखाली होत्या, एकीच्या तर खुद्द चर्चच्या पास्टरच्या माळ्यावर. मिसेस ब्रॅनम आधी लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या.

बायका कार्यक्रम संपेपर्यंत हलल्या नाहीत. आपली मुलगी बोलून झाली म्हणून उठून जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. सॉसवाला मुलगा बोलताना अडखळला तर त्यालाही "सावकाश, लेका" झालं, आणि तो असा काही सुटला, की दुसरं बक्षीस घेऊनच थांबला.

पहिलं, पंचवीस हजार डॉलरचं, डेल्फीनला मिळालं. तिने तिथल्या तिथे लाँड्रीच्या मालकाला फोन लावला. "कुलूप काढून ठेवा," एवढंच म्हणाली, कारण पुढे बोलायला तिला मावशीने मोकळं सोडलं नाही. दुमजली टोपीसकट कवटाळलं.

चर्चच्या बायका सोडून बाकी सगळे पांगल्यावर टेरेल तिच्याजवळ आला. फुटलेला प्रोजेक्टर त्याने बाळासारखा कवेत धरला होता.

"ताई, एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "शुक्रवारी आमचं केंद्र पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की नाही ते ठरणार आहे. देणगीदारांसमोर मला बोलायचंय."

"मग बोल की. तूच तर आम्हाला शिकवतोस."

"शिकवतो. मी स्वतः कधी बोललेलो नाही. आठवडाभर झोप नाही मला."

डेल्फीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढे दिवस तिला टायच दिसला होता. टायच्या वरचा मुलगा आज पहिल्यांदा दिसत होता. तिने त्याच्या हातातून प्रोजेक्टर काढून खुर्चीवर ठेवला, त्याला व्यासपीठावर चढवलं आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिच्या मागोमाग मावशी बसली. मग जूनेल. मग सगळ्या.

टेरेलने खिशातून कागद काढला आणि भरभर सुरू केलं, "आदरणीय देणगीदारहो..."

"थांब," डेल्फीन म्हणाली. "एवढ्या घाईने नाही. आधी लोकांना तुझ्याकडे बघू दे."