साळवेबाईंची शिकवणी

आमच्या सोनईत साळवेबाई माणसांना अरे-तुरे करतात आणि कुत्र्यांना अहो-जाहो. पुढाऱ्याला म्हणतील, "काय रे, गटार कधी काढणार?" आणि त्याच्या पायाशी कुत्रं असलं तर त्याला, "आपण जरा सावलीत बसा." कारण विचारलं तर म्हणतात, "तुम्हा लोकांना मी पाढे शिकवलेत. तुम्हाला कसला मान?"

आमचा वाघ्या प्रेमळ, पण ते प्रेम अंगावर उडी मारूनच दाखवायचा. दूधवाल्याची किटली त्याने दोनदा सांडली. वडील टेम्पो चालवायचे, बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला. पाय थोडाफार सुधारला, वाचा मात्र गेली. एकदा वाघ्याने उडी मारली आणि ते ओट्यावरच पडले. मी वाघ्याला मळ्यात नेऊन सोडायचं ठरवलं.

बाईंना कळलं. संध्याकाळी भाकरीचे तुकडे घेऊन हजर.

"मी शिकवते त्यांना. पण हुकूम तुझ्या बापाने द्यायचा."

"बाई, दादांना बोलता येत न्हाई."

"मी तुला विचारलं का?"

वडिलांना खुर्चीत बसवलं, वाघ्याला समोर उभं केलं. वडील "ब... ब..." करत राहिले. मला बघवेना. मीच पटकन "बसा" म्हणालो आणि बाईंच्या हातातल्या भाकरीकडे बघत वाघ्या बसला. बाई माझ्याकडे वळल्या. "पुन्हा मधे बोललास तर अंगणाबाहेर उभा करीन." माझं वय पन्नास. मी आपणहून फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

मग रोज पाच वाजता शिकवणी. ओरडायचं नाही, काठी दाखवायची नाही, बसल्यावरच तुकडा. दोन महिने वडील घामाघूम होत होते आणि वाघ्या मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. एका संध्याकाळी "बसा" स्वच्छ बाहेर पडलं. वाघ्या बसला. वडील आपल्याच आवाजाने दचकले, मग रडले. पुढे "थांबा" आलं, "या" आलं. एक दिवस त्यांनी बेलापूरला आत्याला फोन लावला. "आक्का, मी हाय." पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो. आभार कसे मानावेत सुचेना, म्हणून पायाच पडलो.

"ऊठ," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत बोलल्या, "आमच्या ह्यांचीही वाचा गेली होती. मी हुशार ना. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगायची, पाणी हवंय, उशी हवीय. चार वर्षं एक शब्द म्हणू दिला नाही रे त्यांना. मला वाटायचं, ही सेवा."

बाईंनी पेढ्यांचा डबा झाकून ठेवला.

"बापाला सांग, शिकवणी संपली, आता तू माझ्याकडे येत जा म्हणावं. काही शिकायला नको. नुसतं बोलत बस म्हणावं. इथं कोणी बोलत नाही."

हल्ली वडील रोज काठी टेकत त्यांच्या ओट्यावर जातात. टेम्पोच्या त्याच त्या गोष्टी अडखळत सांगतात, आणि बाई एकदाही मधे बोलत नाहीत.