लेकीची सीट आणि मी

लेकीला कार सीटची सवय घरीच लावायची, हा निर्णय माझा. (एरवी निर्णय बायको घेते, म्हणून घर चालतं.)

झालं असं की, परदेशातल्या मेहुणीने फोनवर बजावलं, "भावोजी, इकडे मूल मांडीवर घेऊन गाडीत बसता येत नाही. तिच्या मापाची सीट, वर पट्टे. नाहीतर विमानतळावरून गाडी हलणार नाही."

बायको कित्येक वर्षांनी बहिणीला भेटणार होती आणि आमची तीन वर्षांची लेक पट्टा दिसला की टाहो फोडायची. "जाणं रद्द करायचं का हो?" बायकोने विचारलं, तेव्हा तिचा चेहरा बघवेना. मी तडक सीट आणून सोफ्यावर मांडली.

"बस ना, चिमणे."

"तू बस!"

बसलो. (बापाने स्वतः करून दाखवावं म्हणतात. कितपत, ते कोणी सांगत नाही.) अंग चोरून पट्टे चढवले, बकल टक्‌कन लागलं. "बघ, कित्ती मज्जा!" म्हणत उठलो, तर सीटही माझ्याबरोबर उठली.

बायको धावत आली. "अहो, बकल दाबा!"

"पोटाखाली गेलंय!"

"मग पोट आत घ्या!"

"आतच आहे!"

तेवढ्यात बेल वाजली. सवयीने मीच दार उघडलं, सीटसकट. शेजारच्या काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"प्रवासाला निघालात?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि आत्तापासूनच बसलात?"

मग काका पट्टे ओढतायत, बायको बकल शोधतेय, दोघं मिळून "पोट आत घ्या!" आणि लेक टाळ्या पिटतेय. शेवटी सुटलो. मी जमिनीवर पसरलो, तोवर लेक सीटमध्ये चढली होती.

"आता माझा नंबर!"

त्या रात्री ती जेवली तिथेच, झोपलीही तिथेच. बायको माझ्याकडे बघून हसली. इतकी वर्षं संसार केल्यावर अशा हसण्याची किंमत कळते.

विमानतळावर दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. माझेही डोळे भरून आले. लेक आपणहून सीटमध्ये बसली, टक्‌कन बकल लागलं. काय सांगू, छाती फुगली माझी! मेहुणीने गाडी सुरू केली.

"मावशी, थांब!" लेक किंचाळली. "बाबाने पट्टा नाही लावला!"

मी घाईघाईने पट्टा ओढला. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, पोट आत घे!"

मेहुणीने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"घ्या भावोजी. नाहीतर गाडी हलणार नाही."