पाण्याला विचारणारे परब

परबकाका घरी आले की आमच्या सोसायटीतल्या बायका पायपुसणं हाताशी ठेवत. काका पाणी मागायचे, अर्धा पेला प्यायचे आणि उरलेला अर्धा तुमच्या फरशीवर ओतायचे. चुकून सांडायचे नाहीत, हलक्या हातानं नीट ओतायचे. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि ओघळ कुठं जातो ते बघत उभे राहायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हेच केलं. भटजी अजून पाटावरून उठायचे होते. ओघळ मोरीकडे जायचा सोडून डौलात स्वयंपाकघराकडे निघाला, तशी काकांनी मान हलवली. म्हणाले, "उतार उलटा दिलाय. ताबा घेण्याआधी पाण्याला विचारायचंत ना." माझी बायको त्यांच्यावर जी रागावली, ती मोरी तुंबून गव्हाची गोणी भिजेपर्यंत. त्यानंतर काका आले की पेला भरून मिळायला लागला.

"पाण्याला विचारा" हे त्यांचं पालुपद होतं. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेल्या गृहस्थालाही ते मुलाचं घर कुठल्या उतारावर आहे ते विचारायचे. पत्ता सांगताना रस्त्यांची नावं घेत नसत. स्टेशनवरून आमच्याकडं यायचं तर नाल्याच्या उलट दिशेनं चालत राहा, असं सांगत. पाहुणे मुलुंडला पोचत.

भिकाजी परब फोर्टमधल्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर लोकांच्या बंगल्यांच्या बागा ट्रेसिंग पेपरवर काढल्या आणि राहिले भांडुपला, टेकडीच्या पायथ्याच्या आमच्या सोसायटीत, रूम नंबर अकरामध्ये, एकटे. बायको फार पूर्वी गेलेली, मुलगी लग्न होऊन ट्रॉम्बेला. नकाशांच्या छपाईतल्या अमोनियाचा वास त्यांच्या शर्टाला कायम असे. त्यांच्या साहेबांकडे झाडांचे रबरी शिक्के होते, आणि काकांना त्या शिक्क्यांची मनापासून चीड होती. साहेब नकाशावर ठप् करून गुलमोहर लावतात, ठप् करून अशोक लावतात, पण खाली खडक आहे की चिखल ते बघायला एकदाही जात नाहीत, असं ते सांगायचे. सांगताना मूठ आपटून ठप् ठप् करायचे आणि समोरच्याचा चहा सांडायचा.

सोसायटीच्या मागं, आमच्याच आवारात, एक तळं होतं. तळं आपलं म्हणायचं. टेकडीवरचं पाणी तिथं येऊन साचायचं आणि त्यात टायर, फुटक्या बादल्या आणि मागच्या साली उरलेली गणपतीची मखरं तरंगायची. काठावर शेंदूर लावलेला एक दगड होता. टेकडीवरच्या पाड्यातल्या आदिवासी बायका वर्षातून एकदा फुलं आणि कोंबडी घेऊन त्याच्या पाया पडायला येत. बाकी आम्ही सगळे नाक धरून खिडक्या लावून घ्यायचो.

आमचे चेअरमन धुरी. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आणि सोसायटीही खात्यासारखीच चालवायचे. मी सेक्रेटरी, म्हणजे त्यांच्या हाताखालचा बदली कामगार. त्यांच्या मनात तळं बुजवून तिथं लग्नाचा हॉल बांधायचं आलं. त्यांना चार मुली, हे लक्षात घेतलं तर त्यात चूक काही नव्हतं. शिवाय जवळच एक जुनी इमारत पाडत होते आणि तिथला भराव फुकट मिळणार होता. ट्रकवाला पावसाळ्याआधी ट्रक आणतो म्हणाला होता. सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, एवढंच बाकी होतं.

परबकाकांना हे कळलं त्या दिवशी ते माझ्याकडं आले. पाणी मागितलं आणि सगळं प्यायले. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं समजलं. म्हणाले, "मला एक महिना दे. मी प्लॅन काढतो. तळं बुजवलंस तर टेकडीचं पाणी जाणार कुठं? तुमच्या तळमजल्यावर." मी सेक्रेटरी असल्यामुळं कोणालाच नाही म्हणत नसे. त्यांनाही हो म्हटलं.

प्लॅन काढण्याची त्यांची रीत निराळी. कुठली वाट कुठून जावी हे कागदावर ठरवायचं नाही, माणसं कुठून चालतात ते आधी बघायचं, असं त्यांचं मत. त्यासाठी त्यांनी रांगोळीची दोन पोती आणली आणि एका पहाटे पिठाच्या चाळणीनं तळ्याभोवतीच्या सगळ्या जागेवर रांगोळी भुरभुरवली. संध्याकाळी पावलांचे ठसे मोजायचे, असा बेत होता. मात्र हे कोणाला सांगावं हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. आमची सोसायटी जवळजवळ सगळी कोकणातली. तिथं अमावास्येच्या आसपास सकाळी उठून बघावं तर दारामागं पांढरी भुकटी पसरलेली. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. करणी. धुरीवहिनींनी तिन्ही इमारतींची दृष्ट काढली. लोक आठ दिवस मागची वाट सोडून लांबचा वळसा घालून स्टेशनला गेले. आणि काका रोज संध्याकाळी वही घेऊन तिथं बसायचे आणि लिहायचे: एकही पाऊल नाही.

आठव्या दिवशी मला सुगावा लागला. मी कपाळावर हात मारला आणि काकांना सगळं सांगितलं. ते ओशाळले, पण मग वही उघडून म्हणाले की अगदीच एकही नाही असं नाही. पाड्यावरच्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन रोज बिनधास्त रांगोळीवरून गेल्या होत्या. त्यांची अनवाणी पावलं एका ओळीत, दगडाला वळसा घालून उमटलेली होती. काकांच्या प्लॅनमधली पहिली वाट तीच झाली.

प्लॅन मात्र झकास होता. तळ्याला दगडी पायऱ्या, वरच्या अंगाला गाळ अडवायला खड्डा, शेंदराचा दगड जिथल्या तिथं, म्हाताऱ्यांना बसायला चार वाजता सावली पडते तिथं कट्टा. आणि भोवती झाडं. प्रत्येक घरानं आपल्या गावाहून एक रोप आणायचं आणि लावायचं. धुरींनी प्लॅन उलटासुलटा बघितला आणि हॉल कुठं आहे ते विचारलं. हॉल नव्हता.

सभेच्या दिवशी मी हात मोजून ठेवले होते. काकांच्या बाजूला सहा, फार तर सात. बाकी सगळे धुरींचे. काका पुढच्या रांगेत प्लॅनची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

आमची सभा सुरू व्हायच्या आधी देवाच्या फोटोसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची पद्धत. सगळ्यात वयस्कर माणसानं देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नेहमीचे म्हातारे त्या वर्षी मुलाकडं गेलेले. त्यांच्यानंतर वयानं परब. धुरींनीच त्यांना पुढं केलं.

काका उभे राहिले, हात जोडले आणि एरवी पुटपुटणारा हा माणूस खणखणीत बोलायला लागला. "बा देवा म्हाराजा, आज तुझी ही सगळी लेकरां हय जमली हत..." "व्हय म्हाराजा." "त्येंच्या पोराबाळांक सुखी ठेव." "व्हय म्हाराजा." "कोणाची वाकडी नजर असात ती दूर कर." "व्हय म्हाराजा." तालात तालात आवाज चढत गेला. आमचे शेजारी नायर केरळचे, पण तेही इतक्या वर्षांत शिकले होते. "आणि ह्या आमच्या दारातला तळा कोणी बुजवूक बघीत तर त्येची बुद्धी फिरव, आणि ह्या लेकरांच्या हातसून त्या तळ्याची सेवा करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज धुरींचा. तो नेहमीच असायचा.

धुरींचे हात जोडलेलेच राहिले. आपण काय बोलून बसलो ते एकेकाच्या ध्यानात येत होतं. विषय क्रमांक चार आला तेव्हा मी तळं बुजवण्याचा ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. एकही हात वर आला नाही. देवासमोर हो म्हटलेलं कोण मोडणार? धुरींनी विषयपत्रिका उलटी करून ठेवली. शेवटी म्हणाले, "लिवा सेक्रेटरी. तळा ठेवचा. सर्वानुमते."

काकांनी हे मुद्दाम केलं का, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं तेव्हा शपथेवर सांगत होते की तोंडातून निघून गेलं.

पुढचं वर्षभर दर रविवारी आम्ही गाळ उपसला. टीव्हीवरची मालिका संपली की माणसं घमेली घेऊन खाली. धुरी पायऱ्यांच्या कामावर जॉबरच्या आवाजात ओरडायचे आणि मनापासून खूष असायचे. मुलीच्या लग्नाचा मांडव त्यांनी पुढं तळ्याच्याच काठावर घातला. मे महिन्यात सगळे गावी गेले ते रोपं घेऊन आले. आंबा, फणस, बकुळ, सुरंगी. धुरींनी रातांब्याचं रोप एसटीत मांडीवर घेऊन आणलं, आणि कंडक्टरनं ते खाली ठेवायला सांगितल्यावर भांडण काढलं. काकांनी डासांसाठी गप्पी मासे सोडले. बेडूक आले, आणि त्यांच्या आवाजाची लेखी तक्रारही आली. ती मी फाईलला लावली. एका सकाळी तारेवर खंड्या येऊन बसला, तेव्हा नायर सगळ्यांना उठवत सुटले.

दुसऱ्या वर्षी मी झाडांची वही केली. रूम नंबर, नाव, गाव, झाड. प्रत्येक झाडाला तशीच पत्र्याची पाटी. लिहिता लिहिता लक्षात आलं की एक घर रिकामं राहतंय. रूम नंबर अकरा.

मला गंमत वाटली. सगळ्यांच्या मागं लागून रोपं आणवली आणि स्वतः विसरले. मे महिना होता, सोसायटी निम्मी गावी गेलेली, मला बँकेतून रजा मिळाली नव्हती. काका संध्याकाळी पायरीवर बसले होते. मी वही घेऊन गेलो आणि म्हटलं, काका, पकडलं तुम्हाला. गावी कधी जाताय? तुमचं झाड कुठाय?

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचो गाव धरणात गेलो रे."

मग हळूहळू सांगितलं. गावाचं नाव सावरखोल. लोकांना उठवलं, कोणी कुठं गेलं, कोणी कुठं. काका शेवटचे गेले तेव्हा टेकडीवर उभं राहून बघितलं, तर खाली नुसतं पाणी. देवळाचा कळसही दिसेना. लोक त्यांना विचारत, पाण्याचा राग येत नाही का. "राग कसो धरू? माझ्या घरात आता ताच रव्हता," म्हणाले. आणि तळ्याकडं बोट केलं. "सगळ्यांनी आपल्या गावचां काय ना काय आणल्यानी. माझ्या गावात आता ह्याच एक आसा. म्हणान मी ह्या लावलंय."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यांच्या ओतलेल्या पाण्याला हसलो, त्याचं जास्त. मी घरी आलो आणि वहीत लिहिलं: रूम नंबर अकरा, परब, गाव सावरखोल, झाड: तळं.

धुरी गावाहून परत आले तेव्हा मी त्यांना वही सहीला दिली. त्यांनी ती ओळ वाचली आणि सही केली. आठवड्यानं पाण्याच्या काठावर, वरच्या पायरीशी, एक मोठी पाटी दिसली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द, सावरखोल. कोणी लावली हे धुरींनी कबूल केलं नाही.

काकांनी पाटी बघितली तेव्हा मी तिथं नव्हतो. मी होतो तो त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. काका आमच्याकडं बसले होते, हातात अर्धा प्यालेला पेला. खालून धुरींच्या धाकटीचा आवाज आला, "आई, मी सावरखोलात जाते गं. दिवेलागणीला परत येते."

काका उठून खिडकीपाशी गेले. ती मुलगी आंब्याच्या बाजूनं धावत जाऊन दिसेनाशी झाली, तरी ते तिथंच उभे होते. मग माझ्या बायकोला म्हणाले, "ऐकलंस गं? सावरखोलात गेली ती."