पावणीला चढलेले दोन रुपये

गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या बाजारात नाण्यांतलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! निदान गेल्या वर्षापर्यंत माझं असं ठाम मत होतं.

नाण्यावर सालाखाली टांकसाळीची खूण असते, मुंबईचा चौकोन, हैदराबादची चांदणी, हे मी कुठंतरी अर्धवट वाचलं होतं. आणि बँकेतून मिळालेल्या कोऱ्या दोन रुपयांवर तर खूणच नव्हती! टांकसाळ विसरली, म्हणजे नाणं दुर्मीळ. मी ते कापसात गुंडाळलं आणि बायकोला, शेवंतीला, सांगून टाकलं की मिक्सर काय मागतेस, आता फ्रिजच आणतो.

पणजीला विकायला नेण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालावं म्हणून नाणं विड्यावर ठेवलं. भटजींनी सढळ हाताने त्याला तेल, कुंकू, नारळाचं पाणी घातलं. त्या दिवशी देवळात उत्सव होता. उत्सवात देवापुढे ठेवलेली वस्तू पावणीला, म्हणजे लिलावाला जाते, हे मी गावात जन्म काढून विसरलो.

केळ्यांच्या घडानंतर माझं नाणं पुकारलं. मी पाच रुपये म्हटलं. मागून कुणी दहा म्हटलं. वळून बघतो तर माझा सख्खा मेहुणा, शेवंतीचा धाकटा भाऊ जयराम! याला दुर्मीळपणाचा वास लागला तर. मी पन्नास, तो शंभर. मी चारशे, तो पाचशे. लोक चणे खायचे थांबले. शेवटी खिशातले मिक्सरचे आठशे मी एका दमात बोललो, तेव्हा गडी गप्प झाला.

घरी आमसुलाने घासून नाणं लखलखीत केलं आणि पणजीचे जाणकार गोकुळदासबाब यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग उचललंसुद्धा नाही.

"बिनखुणेचीं नाणीं कलकत्त्याचीं. म्हज्या खिशांत चार आसात," ते म्हणाले. "आनी कोऱ्या नाण्याक बोट लायल्यार दर्जा देंवता. तुमी ताका न्हाणयलां."

म्हणजे नुसतं बोट लागलं तरी दर्जा उतरतो, आणि मी तर त्याला आंघोळ घातली होती. किंमत दोन रुपये.

घरी आलो तर ओसरीवर जयराम. सगळा राग मी त्याच्यावर काढला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "भावजी, पावणीचें तुमी विसरतले हें तायक खबर आशिल्लें. तिणेंच म्हाका धाडिल्लो. नाणें कोणाक सोडूं नाका म्हणाली."

"अरे, पण मीच बोलत होतो ना!"

"कोणाक म्हणजे कोणाकच," जयराम म्हणाला.

शेवंती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी देवस्थान समितीची माणसं आली. पुढच्या उत्सवाला मेहुण्या-भावजींनी जोडीने यावं आणि अगदी पुढे बसावं, असा त्यांचा फार आग्रह होता.